पत कोणाच्या वहीत?

हुंडीवरचा भाग झाल्यावर बंगळुरूहून एका मुलीचं पत्र आलं. मूळची सोलापूरची, पहिली नोकरी, पगार चांगला, डोक्यावर एक रुपयाचं कर्ज नाही. बँकेनं क्रेडिट कार्ड नाकारलं. कारण काय? तर "तुमचा क्रेडिटचा इतिहास नाही." तिचा प्रश्न असा होता की, मी आयुष्यात कोणाचं देणं ठेवलं नाही, हा माझा दोष कसा झाला?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आजच्या बँकेच्या नियमांत शोधलं तर अर्धंच सापडतं. म्हणून आज आपण जरा मागून येऊ.

सुरुवात शब्दांपासून करतो. मराठीत दोन शब्द आहेत, पत आणि ऐपत. कानाला जवळचे वाटतात, पण अर्थानं वेगळे. ऐपत म्हणजे तुमच्याकडे किती आहे. पत म्हणजे तुमच्या शब्दावर दुसरा किती द्यायला तयार आहे. श्रीमंत माणसाची पत शून्य असू शकते, आणि हातावर पोट असलेल्या बाईला वाणी महिनाभराचा किराणा मुकाट बांधून देतो. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तो लागणार आहे.

आता पेठेत चला. हुंडीच्या भागात आपण शाहजोग हुंडी पाहिली होती. ती घेऊन कोणीही उठून पेढीवर गेला तर पैसे मिळत नसत. जो 'शाह', म्हणजे बाजारात नाव असलेला व्यापारी, त्यालाच ती वटवता येई. म्हणजे पैसे उसने घ्यायला सोडा, आपले हक्काचे पैसे हातात पडायलासुद्धा पत लागायची. ज्याला नाव नव्हतं तो एखाद्या शाहाला मध्ये घालायचा, आणि काही घोटाळा निघाला तर निस्तरायचं त्या शाहानं. नरसी मेहतांच्या हुंडीची गोष्ट आपल्या कीर्तनातही सांगतात, ती याच चौकटीत बसते. बाजारात पत नसलेला भक्त द्वारकेच्या सावळ्या शेठच्या नावावर हुंडी लिहून देतो आणि देव ती वटवतो. गोष्ट भक्तीची खरी, पण ऐकणाऱ्यांना ती चमत्कार वाटायची कारण बाजार कसा चालतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. नाव नसलेल्याची हुंडी कोणी वटवत नाही.

मग नवीन पोरगा नाव कसं मिळवायचा? नात्यातल्या पेढीवर पोऱ्या म्हणून राहायचा. वर्षानुवर्षं झाडलोट, मग रोकड मोजणं, मग वसुली, मग परगावची आडत. एक दिवस मालक त्याच्या नावानं चिठ्ठी लिहायचा आणि ती चिठ्ठी चालायची. ही पद्धत मेली असं समजू नका. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातली गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं काम करणारी माणसं देशभर पसरली आहेत. तिथला मुलगाही बहुतेक असाच एखाद्या नातेवाइकाच्या दुकानात जातो, काही वर्षं भट्टीपाशी बसतो आणि मग स्वतःचं दुकान घालतो. परक्या गावातला सराफ त्याच्या हाती सोनं देतो ते त्याच्या कागदपत्रांकडे बघून नाही. यात चांगलं हे की गरीब मुलालाही वर येता यायचं. वाईट हे की आधी नातं पाहिजे. ज्याचा मामा पेठेत नाही त्यानं काय करायचं, याला या व्यवस्थेकडे उत्तर नव्हतं.

पेठेतली गोष्ट अशी. खेड्यातली याहून कठीण होती, आणि मला आज जास्त वेळ तिथे थांबायचं आहे.

खेड्यात शेतकऱ्याची पत होती. नसती तर सावकारानं दिलंच नसतं. बी-बियाणं, सारा, लग्न, बैल, सगळं कर्जावर चालायचं आणि बरेच जण ते वर्षानुवर्षं फेडत राहायचे. पण या फेडीची नोंद असायची सावकाराच्या चोपडीत. शेतकऱ्याला ती वाचता यायची नाही, आणि आली असती तरी त्याला ती दाखवणार कोण? धान्य घातलं, किती मापी धरलं, कोणत्या भावानं धरलं, मुद्दलात वळतं केलं की व्याजात, हे एकाच माणसाला माहीत. कर्ज पूर्ण फिटलं की जो कागद मिळायला हवा त्याला फारखत म्हणायचे. आज आपण 'फारकत घेतली' म्हणतो तो शब्द याच घरातला. किती जणांच्या हाती अशी फारखत खरोखर पडत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

तुकाराम महाराजांच्या घरी महाजनकी होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याचे कर्जरोखे इंद्रायणीत बुडवले, असं परंपरा सांगते. भावाच्या वाट्याचे त्याला दिले आणि आपले बुडवले. मला यात एक गोष्ट नेहमी जाणवते. कुळं मोकळी झाली ती सावकारच संत निघाला म्हणून. कुळांच्या स्वतःच्या हाती असं काहीच नव्हतं ज्याच्या जोरावर ती मोकळी होऊ शकली असती.

सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी त्याच पुणे जिल्ह्यात कुळांनीच रोखे हातात घेतले. १२ मे १८७५, सुपे, भीमथडी तालुका. बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत तीसहून जास्त गावांत पसरलं. आपण याला दख्खनचे दंगे म्हणतो. पण या दंग्यांत माणसं मारण्यावर भर नव्हता. लोकांना हवे होते कागद. खतं, रोखे, हिशेबाच्या वह्या बाहेर काढायच्या आणि जाळायच्या. जिथे सावकारानं कागद मुकाट काढून दिले तिथे बऱ्याचदा त्याला हातही लावला नाही.

कारणं तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचली असतील. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं तेव्हा तिकडचा कापूस थांबला, आपल्याकडच्या कापसाला भाव आला, आणि सावकारानं हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव उतरले, सावकारानं हात आखडला. त्यातच सरकारनं सारा वाढवला, कित्येक ठिकाणी निम्म्याहून जास्त. हे सगळं खरं. पण पत या विषयाच्या दृष्टीनं मला एक लहानसं कलम जास्त महत्त्वाचं वाटतं. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं असं ठरलं की कर्जाच्या खताची मुदत तीन वर्षं. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं तुंबून राहू नये. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घेऊ लागला. मागचं मुद्दल अधिक मागचं व्याज, ही बेरीज नव्या खतात मुद्दल म्हणून चढायची आणि त्यावर पुन्हा व्याज.

आता हे त्या शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. तीन वर्षांत त्यानं जे काही भरलं त्याचा नव्या कागदावर मागमूस नाही. कागद कोरा, आणि कोऱ्या कागदावर आधीपेक्षा मोठा आकडा. आज आपण ज्याला 'क्रेडिट हिस्टरी' म्हणतो ती दर तीन वर्षांनी पुसली जात होती. देणं तेवढं शिल्लक राहत होतं, दिलेलं नाही. लोक ते कागद जाळायला का धावले हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सरकारनं चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. आधी चार जिल्ह्यांपुरता: पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद झालं, खतं गावच्या निबंधकापुढे नोंदवणं आलं, कोर्टाला व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासता येऊ लागला. यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. ज्यावर सहसा कोणी थांबत नाही ती कायद्याच्या शेवटाकडची तीन कलमं. शेतकऱ्यानं पैसे भरले तर त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे. वर्षाला एकदा हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे. आणि त्यानं मागितलं तर त्याचा हिशेब वेळोवेळी पासबुकात भरून दिला पाहिजे.

पासबुक! १८७९ साली, पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या कुणब्याच्या हाती. कागदावर तरी. अंमल कितपत झाला हा भाग निराळा. ज्याला अक्षरओळख नाही आणि पुढच्या पेरणीला ज्याच्याकडेच हात पसरायचा आहे, तो सावकाराला "पासबुक भरून द्या" कसं म्हणणार? सावकारांनीही वाट काढली, कर्जाऐवजी जमिनीची विक्रीच लिहून घेऊ लागले. तरीही मला ही तीन कलमं मोठी वाटतात, कारण ऋणकोची स्वतःची वही असावी हा विचार आपल्याकडे कायद्यात आला तो असा, जळालेल्या रोख्यांच्या राखेतून.

याच सुमारास विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना मांडली होती. जुनी कर्जं तडजोडीनं फेडायची आणि पुढे रास्त व्याजानं कर्ज द्यायचं. हिंदुस्थान सरकारला ती पटली, पण लंडनला इंडिया ऑफिसमध्ये ती अडली आणि तिथेच संपली. सासवडच्या लोकांना हे ऐकून हळहळ वाटेल.

आता पुणे सोडून बडोद्याला जाऊ. बडोद्याचे बरेच प्रेक्षक आहेत आपले, आणि त्यांच्या गावची ही गोष्ट महाराष्ट्रातच फारशी ठाऊक नाही. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर, लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत, यांनी बडोद्यात 'अन्योन्य सहायकारी मंडळी' सुरू केली. सुरुवातीला सभासद तेवीस, आणि जमलेली रक्कम ७६ रुपये. सहकाराचा कायदा यायला अजून पंधरा वर्षं होती. भारतातल्या सहकारी पतसंस्थांत ही सर्वांत जुनी मानली जाते.

'अन्योन्य' हे नाव किती नेमकं आहे बघा. या तेवीस जणांत कोणी शेठ नव्हता ज्याच्या नावावर हुंडी चालावी. त्यांनी केलं काय, तर आपणच थोडं थोडं साठवायचं आणि आपल्यातल्याच गरजूला द्यायचं. पेठेत पोऱ्याला वर काढायला मामा लागायचा, इथे त्या मामाची जागा बाकीच्या बावीस जणांनी घेतली. आणि वही मंडळीची, म्हणजे सगळ्यांची. कोण वेळेवर भरतो हे सगळ्यांना दिसतं. शून्यातून पत उभी करण्याची कृती या तेवीस जणांनी जवळजवळ पूर्ण लिहून ठेवली आहे: आधी बचत, मग लहान कर्ज, मग सगळ्यांसमोर परतफेड. पुढे या संस्थेची बँक झाली, शतकभराहून जास्त चालली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचा परवाना रद्द झाला. स्थापनेचा अभिमान सांगताना हा शेवटही सांगायला हवा.

सरकारी पातळीवर याच दिशेनं हालचाल झाली ती मद्रासेकडून. फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्यानं जर्मनीतल्या राइफायझन यांच्या ग्रामीण पतसंस्थांचा अभ्यास करून १८९५ आणि १८९७ मध्ये अहवाल दिला, आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी गदगजवळ कणगिनहाळ या गावी पतसंस्था निघाली. गदग तेव्हा मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात होतं. या कायद्यातली एक अट कडक होती. खेड्यातल्या संस्थेत सभासदांची जबाबदारी अमर्याद. म्हणजे एकानं बुडवलं तर बाकीच्यांच्या घरादारापर्यंत येणार. त्यामुळे कोणाला सभासद करायचं हे लोक डोळ्यांत तेल घालून ठरवत. गावच तुमचा इतिहास तोंडपाठ सांगायचं. कोण दारू पितो, कोणाचा बैल विकायला निघाला, कोणाचा मुलगा कामाचा आहे.

पण गावाच्या तोंडी असलेल्या इतिहासाची एक खोट असते. गाव ज्याला आपलं मानत नाही त्याचा इतिहास गाव लिहीतच नाही. भूमिहीन, गावकुसाबाहेरचे, आणि घरोघरच्या बायका. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेनं ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी करवली, तिच्या समितीत धनंजयराव गाडगीळही होते. १९५१-५२ सालची स्थिती अशी निघाली की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आणि सावकारांचा सत्तरच्या जवळपास. कायदा होऊन सत्तेचाळीस वर्षं झाल्यानंतरची ही गोष्ट.

बायकांचं तर या सगळ्या आकड्यांत नावच नाही. इथे घरातलं एक उदाहरण देतो. माझी आई इंदूरला बावीस वर्षं भिशी चालवत होती. सोळा बायका, दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे, चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव निघेल तिला रक्कम. वडील आजारी असताना, दिवाळीत, लग्नसराईत, एकदाही तिचा हप्ता चुकला नाही आणि कोणाची रक्कम अडकली नाही. तिच्याकडे लाल बांधणीची एक वही होती, त्यात प्रत्येक महिन्याचा हिशेब आणि सह्या. १९९८ साली शिवणकामासाठी मोटरचं मशीन घ्यायला ती एका बँकेत कर्ज मागायला गेली. साहेबांनी विचारलं, मिस्टरांची पगाराची स्लिप आहे का? तिनं पिशवीतून लाल वही काढली. साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही. बावीस वर्षं आणि प्रत्येक महिन्याचा हप्ता, याहून चांगला इतिहास कोणता असतो? पण तो ज्या वहीत होता ती वही बँकेच्या लेखी वही नव्हती.

ही वही बँकेच्या लेखी वही करण्याचं काम ज्यांनी केलं त्यांची दोन नावं घेतो. पहिलं इला भट्ट यांचं. १९७४ साली अहमदाबादेत भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचा शेअर घेऊन सेवा बँक उभी केली. सही येत नाही ही अडचण होती, तर पासबुकावर बाईचा फोटो लावला. साधी युक्ती, पण तिच्यामुळे ते पासबुक कोणा मिस्टरांचं न राहता त्या बाईचं झालं.

दुसरं नाव साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडचं. चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायकांना घेऊन बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या, कागदावर अंगठे होते. बायका काही महिने लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आणि त्यांनी अधिकाऱ्यांनाच सांगितलं की कोणत्याही मुद्दलावरचं व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी काढतो, तुमचे लोकही यंत्राशिवाय काढू देत. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. माणसारख्या दुष्काळी भागात व्याज तोंडी करणाऱ्या बाया काही बँकेमुळे तयार झाल्या नव्हत्या. त्या आधीपासून होत्याच.

मधल्या काळात, १९९२ साली, नाबार्डनं पाचशे बचत गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला होता. आज गावोगाव दिसणारे गट त्यातूनच वाढले. गटाला कर्ज देताना बँक पाच गोष्टी बघते, गटातल्या ताईंना त्या पाठ असतात: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब, पाचही नियमित. माझ्या आईच्या लाल वहीत यातलं बरंच काही होतं. फरक इतकाच की बचत गटाची वही आता बँकेचा माणूस उघडतो.

आता आकड्याकडे येऊ, ज्यावरून त्या मुलीचा अर्ज अडला. तो आपल्याकडचा नाही. १८४१ साली न्यूयॉर्कमध्ये लुईस टॅपन या व्यापाऱ्यानं गावोगावच्या दुकानदारांच्या पतीची माहिती गोळा करून विकणारी संस्था काढली. त्याआधीच्या मंदीत त्याचं स्वतःचं रेशमाचं दुकान उधारीमुळे बुडालं होतं. सुरुवातीच्या या नोंदी म्हणजे शाईनं लिहिलेल्या गावगप्पाच. पुढे १९५६ साली फेअर आणि आयझॅक या दोघांनी माणसाच्या परतफेडीचं गणित मांडायला सुरुवात केली आणि १९८९ मध्ये सगळ्या सावकारांना चालेल असा एक आकडा बाजारात आला. आपल्याकडे २००० साली सिबिल स्थापन झाली, २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत आणि आकडा ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो.

ही सामाईक वही नसेल तर काय होतं ते आंध्रात २०१० साली दिसलं. एकाच बाईला चार-चार कंपन्या छोटी कर्जं देत होत्या, पहिलीला दुसरीचं ठाऊक नाही, आणि एकाचा हप्ता भरायला दुसरीकडून उचल. वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, ऑक्टोबरात राज्य सरकारनं वटहुकूम काढला आणि परतफेड जवळजवळ थांबली. ज्या लाखो बायकांनी वर्षानुवर्षं आठवड्याचा हप्ता चुकवला नव्हता त्यांची पतही त्या लाटेत गेली, कारण ती कुठे नोंदलेलीच नव्हती. यानंतर नेमलेल्या मालेगाम समितीनं पतमाहिती कंपन्यांत नोंद करण्यावर भर दिला.

तर, ताई, तुझ्या पत्राकडे येतो. या अहवालात काय असतं? तुझी कर्जं, कार्डं, कोणत्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा, हे मागच्या ३६ महिन्यांपर्यंत, आणि कोणकोणत्या बँकांनी तुझ्याबद्दल चौकशी केली. काय नसतं? बचत खात्यातली शिल्लक नसते, मुदत ठेव नसते. सुरुवातीला सांगितलेला फरक आठवतो ना? यात ऐपत नाही, फक्त पत आहे. कर्जच घेतलं नाही अशा माणसाच्या नावापुढे काही अहवालांत उणे एक असा आकडा यायचा. तो वाईट शेरा नव्हे, पान कोरं आहे एवढाच त्याचा अर्थ. केवळ पान कोरं म्हणून पहिल्या कर्जाचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेनंही सांगितलं आहे. व्यवहारात काय होतं ते तू अनुभवलंच.

मग बडोद्याच्या तेवीस जणांनी केलं तेच कर. आधी बचत: बँकेत एक छोटी मुदत ठेव ठेव आणि तिच्या तारणावर मिळणारं कार्ड घे, ते नाकारायला बँकेला फारसं कारण उरत नाही. त्यावर महिन्याचं ठरलेलं काहीतरी टाक, विजेचं बिल म्हण. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे जाऊ नकोस आणि बिल आलं की पूर्ण भर. 'किमान रक्कम' हा शब्द दिसला की १८५९ नंतरचं ते तीन वर्षांचं खत आठव, राहिलेल्या रकमेवर व्याज चढत जातं ते तसंच. सहा महिने ते वर्षभरात आकडा दिसू लागतो. एका वेळी पाच ठिकाणी अर्ज टाकू नकोस. कोणाला जामीन राहिलीस तर त्यानं बुडवलेलं तुझ्याही पानावर येतं, त्यामुळे आत्येभावाला नाही म्हणायचं असेल तर हे कारण सांग. आणि कोणी वसुलीवाला "निम्मे भरा, मिटवून टाकू" म्हणाला तर लक्षात ठेव, अहवालात ते कर्ज फिटलं असं लागत नाही, तडजोड झाली असं लागतं. ती फारखत नव्हे.

हे सगळं तुला कोणीही सांगेल. मला दुसरंच काही जास्त महत्त्वाचं वाटतं. १८७९च्या कायद्यातल्या त्या तीन कलमांचा नातू आज आपल्या हाती आहे. २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. चूक दाखवून दिल्यावर ३० दिवसांत ती सुधारली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा नियम २०२४ मध्ये लागू झाला. फिटलेलं कर्ज चालू दिसणं, दुसऱ्या कोणाचं कर्ज सारख्या नावामुळे आपल्या पानावर चढणं, अशा चुका होतात. आपल्याकडे पाटील, जाधव, कुलकर्णी किती आहेत ते बघा! परराज्यात नावाचं स्पेलिंग आणखी वेगळं होतं. गाव बदललं, राज्य बदललं तरी हे पान मागोमाग येतं. कणगिनहाळच्या सभासदाची पत वेशीबाहेर चालत नव्हती, तुझी सोलापूरहून बंगळुरूला येईल. पण मग चूकही येईल. म्हणून चारही कंपन्यांकडचा अहवाल मागवायचा, एकाच दिवशी नको, तीन-तीन महिन्यांच्या अंतरानं एकेक मागव, म्हणजे वर्षभर नजर राहते. कर्ज फिटलं की बँकेकडून बेबाकीचा दाखला लेखी घ्यायचा आणि जपून ठेवायचा.

भिशीचं काय, हा प्रश्न आता येईलच. साध्या घरगुती भिशीची नोंद या चार वह्यांत आजही होत नाही. पण केरळात याच भिशीची भावंडं, कुरी आणि चिट्टी, सरकारनं स्वतः चालवायला घेतली, त्रिशूरला १९६९ साली त्यासाठी कंपनीच काढली. ती गोष्ट मोठी आहे आणि तिला वेळ लागेल. पुढच्या भागात त्रिशूरला जाऊ. कोणाच्या घरी भिशीची जुनी वही असेल तर तिच्या एका पानाचा फोटो तेवढा पाठवा. नावं झाकून.